बोळकं वयानं होत नाही

श्रोतेहो, नमस्कार. मी दातांचा डॉक्टर. दवाखाना नाशिकमध्ये, आणि अधूनमधून पेठ-सुरगाण्याकडं शिबिरं घेतो. सत्तरीची दोन माणसं शेजारी बसून तोंड उघडून बसली, तर कॉलेज रोडचं कोण आणि सावळघाटापलीकडचं कोण, हे बहुतेक वेळा न विचारता कळतं. शहरातल्या तोंडात रूट कॅनल केलेल्या दाढा असतात, त्यांवर टोप्या. दुसऱ्या तोंडात नुसत्या हिरड्या.

वय झालं की दात जायचेच, असं आपण धरूनच चालतो. जपाननं १९८९ साली मोहीम काढली: ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे २० दात हवेत. २०१६च्या पाहणीत तिथल्या निम्म्या ऐंशीकरांनी ते करून दाखवलं होतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात दात गेलेले म्हातारे भरपूर, हवाईत फार कमी. देश एकच की!

आपल्याकडचा मोठा चोर म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी डाव्या तळहातावर चिमूटभर घेऊन बोटानं हिरड्यांवर फिरवायची. "हिनं दात घट्ट राहतात, रक्त येत नाही," असं आज्या सांगतात. रक्त येत नाही हे खरंच आहे, पण कारण वेगळं. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून आत पायोरिया असूनही वरून काही दिसत नाही. दाताभोवतीचं हाड झिजत जातं, दुखत नाही, आणि एक दिवस भाकरी चावताना दात हलतो.

मग एसटीनं नाशिक. मागं सुरगाण्याकडच्या एक आजी आल्या. दाढ किडलेली, पण वाचण्यासारखी. मी म्हटलं, "आजी, तीनदा यावं लागेल, दाढ राहील."

"तीनदा? उपटून टाका डॉक्टर. एकदाच येणं होतं."

यायला अडीच-तीन तास, जायला तेवढेच, सोबत मुलगा म्हणजे त्याची मजुरी बुडाली. हा हिशोब मला खोडता आला नाही. दाढ काढली. असे कित्येक दात किडीनं जात नाहीत, रस्त्याच्या लांबीनं जातात. (निफाडकडं द्राक्षाचा पैसा आहे, तिथंही पायोरिया आहेच; पण तिथला माणूस दुसऱ्यांदा येतो, एवढा फरक.)

कवळीसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, कानाचं यंत्र मिळतं, त्या यादीत कवळीही आहे. आजींना हे सांगितलं. कवळी म्हणजे आधी माप, मग मेणावर चावून बघणं, मग बसवणं, टोचली तर घासणं. चार खेपा तरी धरा.

आजींनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ते माप आमच्या गावात येऊन घेता येईल का?"

पुढच्या शिबिराला मापाचं सामान बरोबर नेतोय.