स्प्रिंगची लांबी नको, वाढ मोजा!

नमस्कार मंडळी! पुण्यात पेठेतल्या एखाद्या रद्दीच्या दुकानात पेपर द्यायला गेला असाल तर तो हूकवाला ताणकाटा बघितलाच असेल, गठ्ठा लटकवला की काटा खाली सरकतो. पुढच्या वेळी त्याच्या पट्टीकडे नीट बघा, १ ते २ किलोमधलं अंतर आणि ७ ते ८ किलोमधलं अंतर अगदी सारखं असतं. आत स्प्रिंग आहे आणि तिला जेवढं बल लावाल त्याच प्रमाणात ती वाढते, बल दुप्पट तर वाढ दुप्पट. रॉबर्ट हूकने हे १६७८ साली छापलं, म्हणून हूकचा नियम. F = kx, बस. F म्हणजे बल, आणि k म्हणजे स्प्रिंग किती कडक आहे ते सांगणारा स्थिरांक.

आता इथे बरीच मुलं मार्क घालवतात ते x मध्ये. x म्हणजे स्प्रिंगची लांबी नाही हो, लांबीतली वाढ! समजा स्प्रिंग नुसती लटकवली तेव्हा १० सेंटीमीटर आहे. १०० ग्रॅमचं वजन लावलं, म्हणजे साधारण १ न्यूटन, ती झाली १२. २०० ग्रॅमला १४, ३०० ला १६. वाढ किती? २, ४, ६. मीटरमध्ये करा आणि भागा, १ भागिले ०.०२, २ भागिले ०.०४, दरवेळी k ५० न्यूटन प्रति मीटरच येतो. आणि चुकून १२, १४, १६ ने भागलंत तर k प्रत्येक वेळी वेगळा येईल, तेव्हाच ओळखायचं की गडबड झाली.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. हीच स्प्रिंग मधोमध कापली तर अर्ध्या तुकड्याचा k किती? पटकन २५ म्हणाल, पण उत्तर १०० आहे! कारण बघा, वजन खाली लटकलंय पण ते बल प्रत्येक वेढ्याला पूर्णच्या पूर्ण जाणवतं, वाटून जात नाही. प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच उघडतो, फक्त वेढे निम्मे, म्हणून वाढ निम्मी, म्हणून स्प्रिंग दुप्पट कडक. आणि हे फार कमी जण सांगतात, स्प्रिंग ताणताना आतली तार मुख्यतः लांब होत नाही, ती पिळली जाते, तोच पीळ सुटायला बघतो आणि स्प्रिंग मागे येते.

पण हे एका मर्यादेपर्यंतच चालतं. बॉलपेनची स्प्रिंग जोरात ओढून बघा, तशीच वेडीवाकडी लांब राहते. म्हणून प्रॅक्टिकलला वजनं चढवताना रीडिंग घेतलंत तसं एकेक उतरवतानाही घ्या, आणि सगळी काढल्यावर स्प्रिंग परत १० वर आली नाही तर स्थितिस्थापक मर्यादा ओलांडली गेलीये, सरळ दुसरी स्प्रिंग मागून घ्या आणि कमी वजनं वापरून पहिल्यापासून रीडिंग घ्या.