पाळकाचा पगार कोण देतं?

तीनशे एकवार... तीनशे दोनवार... हा आवाज मार्केट यार्डातला नाहीये बरं का. हे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या चर्चचं आवार आहे, आज कापणीचा सण आहे आणि लिलाव चाललाय एका भोपळ्याचा. सकाळी उपासनेत लोकांनी शेतातलं जे काही आणलं, बाजरी, कांदे, एक कोंबडी, अंडी, ते सगळं पुढे ठेवलं, त्यावर प्रार्थना झाली आणि आता त्याची बोली लागतेय. गंमत बघा, ज्याने तीनशेला भोपळा घेतला त्याने तो उचलून परत टेबलावर ठेवला. म्हणजे पुन्हा बोली. एकच भोपळा तीनदा विकला जातो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

या पैशातून काय काय भागतं? गळणारे पत्रे, लाइटबिल, आणि पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पगारासाठी मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, जो वाटा द्यायचा असतो तोही. तिकडे लिंबाखाली दोघांचं जुंपलंय ते यावरूनच. एक म्हणतोय देवाच्या कामाला पगार कसला, आणि दुसरा विचारतोय, मग त्यांच्या पोरांची फी तू भरणार का?

भांडण जुनं आहे, इतकं जुनं की ते थेट बायबलमध्येच आहे. येशू शिष्यांना पाठवताना सांगतो की तुम्हाला फुकट मिळालंय, फुकट द्या, आणि त्याच दमात हेही सांगतो की कामकरी आपल्या अन्नाला योग्य आहे. आता घ्या! सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल तर त्याच्या पुढचा. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय काढा, तिथे तो मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये हा मोशेचा नियम सांगतो, सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं असं ठासून म्हणतो, आणि मग म्हणतो की मी मात्र हा हक्क वापरलेला नाही. करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून राहुट्या शिवत होता, हाताला घट्टे पडणारं काम. पण हाच पौल फिलिप्पैच्या लोकांनी पाठवलेली मदत घेत होता, आणि तीही एकदा नाही. म्हणजे पैशाचं त्याला वावडं नव्हतं, फक्त कोणाकडून घ्यायचे आणि कोणाकडून नाही हे तो बघत होता. मला तरी सगळी मेख इथेच वाटते.

सुरुवातीच्या मंडळ्यांनी यावर उपाय शोधला होता, आणि तो अगदी गावठी शहाणपणाचा. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे, ख्रिस्ती मंडळ्यांच्या सगळ्यात जुन्या नियमावल्यांपैकी एक. त्यात लिहिलंय की फिरता प्रेषित आला तर त्याला ठेवून घ्या, एक दिवस, फार तर दोन, तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही तर खोटा समजा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकर द्या, आणि पैसे मागितले तर तोही खोटा. पण तीच पुस्तिका पुढे सांगते की खरा संदेष्टा तुमच्यातच राहायला आला तर धान्याचं, द्राक्षारसाचं, गुराढोरांचं पहिलं फळ त्याला द्या. मघाचा भोपळा आठवला?

आता आपल्याकडे या. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी मिशनऱ्याकडून नाही तर भारतीय पाळकाच्या हातून. नंतर नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवणं, उपदेश, भजनं लिहिणं, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं काम, आणि घर चालायचं मिशनच्या पगारावर. आणि तो पगारच त्यांना टोचायला लागला. कारण रस्त्यात उभं राहून ख्रिस्ताबद्दल बोलायचं तर समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न हाच, की हा मनापासून बोलतोय की साहेबाने महिन्याचे पैसे टाकलेत म्हणून? पोटासाठी धर्म बदलला हा टोमणा तेव्हाच्या ख्रिस्ती माणसाच्या पाठीला चिकटलेलाच असायचा.

शेवटी 1917 साली, पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाने मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा गाठला. ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले चालतील आणि न घेतलेलेही. पगार नाही, वरती साहेब नाही, असा ख्रिस्ती संन्यासीच म्हणा ना. पुढे दोन वर्षंही मिळाली नाहीत, मे 1919 मध्ये ते गेले.

ऐकायला भारी वाटतं, पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त आठवतात. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली असतील तर माहितीय, या घरात पैसा टिकायचाच नाही, टिळकांचा हात सढळ, आलेला पैसा कोणाला ना कोणाला जायचा, आणि चूल पेटवायची जबाबदारी मात्र बाईची. पगार न घेणाऱ्या पाळकाचाही खर्च कोणीतरी उचलतंच, आणि बहुतेक वेळा ती त्याची बायको असते, मग ती शाळेत शिकवत असो, नर्स असो, नाहीतर शिवणकाम करत असो. पाळकबाईंना कोणी विचारत नाही की तुमची सेवा पगारी की बिनपगारी!

इंग्लंडमध्ये जॉर्ज म्युलर या पाळकाने 1830 मध्ये ठरलेला पगार नाकारला. चर्चमधल्या बाकांचं भाडं गोळा करून तो पगार निघायचा, म्हणजे पैसेवाला पुढे आणि गरीब मागे, हे त्याला पटेना. त्याने बाकं मोकळी केली आणि चर्चमध्ये एक पेटी ठेवली, ज्याला जे टाकायचं ते टाका, कोणी किती टाकलं कळणार नाही. केडगावच्या मुक्तिसदनाच्या पंडिता रमाबाईंवर या म्युलरच्या विश्वासाचा मोठा प्रभाव होता.

कॅथलिकांचा हिशोब वेगळा. मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेसाठी, लोक दान देतात, पण त्यांचा कायदा सांगतो की फादरने दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी दान एकाच मिस्साचं स्वतःकडे ठेवायचं, फक्त नाताळचा दिवस सोडून. म्हणजे दिवसाला दहा मिस्सा लावून दुकान थाटायची सोयच नाही. नियम करणाऱ्याला माणूस चांगलाच माहीत होता म्हणायचा.

माझं विचाराल तर पाळकाला पगार हवाच, आणि तो वेळेवर हवा. मयतीला मध्यरात्री तोच लागतो, आजाऱ्याच्या उशाशी तोच लागतो, दोन भावांच्या बांधाच्या भांडणातही त्यालाच मध्ये घेतात, आणि महिन्याच्या शेवटी मात्र त्याने फक्त प्रार्थना करायची? पण तो पगार सगळ्या मंडळीचा असावा, थोडा थोडा, दहाच्या नोटांचा. एकाच बड्या माणसाने सगळा भार उचलला की रविवारचा उपदेश हळूहळू मऊ व्हायला लागतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय, कुठे ते सांगत नाही.

तिकडे लिलाव संपलाय. पंचांपैकी दोघं पायरीवर बसून चिल्लर वेगळी काढतायत, तिसरा वहीत नावं लिहितोय. उधारीवर बोली लावणारेही आहेत बरं का, त्यांची यादी वेगळ्या पानावर. भोपळ्याच्या तिन्ही बोल्या लिहून झाल्यात. भोपळा मात्र अजून टेबलावरच आहे, आणि पाळकबाई विचारतायत, हा नक्की कोणाचा, का चिरून टाकू जेवणात?