ओदालिस्कची पाठ

नमस्कार श्रोतेहो. आज एकच चित्र पाहू: अँग्र या फ्रेंच चित्रकाराचं 'ग्रांद ओदालिस्क'. नेपोलियनची बहीण, नेपल्सची राणी, हिच्यासाठी त्यानं ते १८१४ साली रंगवलं. आता ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. फोनवर शोधून समोर ठेवलंत तर उत्तम.

पलंगावर एक विवस्त्र स्त्री आपल्याकडे पाठ करून पहुडली आहे आणि मान वळवून बघते आहे. चेहरा राहू द्या, आधी पाठ बघा. मानेवर बोट ठेवून कमरेपर्यंत सरकवा. ही पाठ संपतच नाही! १८१९ मध्ये चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं आणि तिला तीन मणके जास्त आहेत अशी टीका झाली. २००४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी मापं घेतली, तर हिशेब पाचांवर गेला. अँग्रचा हात कच्चा नव्हता. त्याला मानेपासून नितंबापर्यंत एक अखंड वळण हवं होतं आणि हाडं त्याच्या आड येत होती. म्हणून त्वचेखाली ना खांद्याचं पातं जाणवतं, ना स्नायू.

आता वस्तू बघा: मोरपिसांचा पंखा, डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र, हुक्का. मनातल्या मनात त्या पुसून टाका. उरते ती युरोपातल्या स्टुडिओतली गोरी स्त्री. अँग्र पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता. नावाचंही तसंच. तुर्कीत 'ओदा' म्हणजे खोली, 'ओदालिक' म्हणजे जनानखान्यातली दासी. फ्रेंच चित्रकारांनी त्या कामकरी बाईला शय्येवर आणून ठेवलं. दूरदेशीचा पडदा लावला की एरवी न खपणारी नग्नता दिवाणखान्यात खपते, कारण 'तिकडे असंच असतं' ही सबब तयार असते. मणक्यांपेक्षा ही सबब जास्त खटकायला हवी.

याच्या शेजारी अमृता शेरगिलचं चित्र ठेवा. १९३४ मध्ये, २१ व्या वर्षी, तिनं पॅरिसमध्ये स्वतःला ताहिती या पॅसिफिक बेटावरची स्त्री म्हणून रंगवलं. गोगँ या फ्रेंच चित्रकारानं तिथल्या ज्या स्त्रिया रंगवल्या, त्यांच्या जागी ती स्वतः उभी राहिली. सावळं अंग उघडं, हात खाली एकमेकांवर, नजर आपल्याला चुकवून बाजूला. तिच्या मागे एका पुरुषाची मोठी सावली आहे. अँग्रच्या चित्रात बघणारा चौकटीबाहेर राहतो, कुणाला दिसत नाही. इथे तो कुठे उभा आहे, ते सावलीवरून कळतं.