संध्याकाळी तिथली मुलं कुठे असतात?

नमस्कार मंडळी. लहान मुलांना घेऊन भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या शहरात चार-पाच दिवस राहायचं, तर तयारी कशी करायची, हा आजचा विषय. अशी शहरं पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे एकाच शहराबद्दल, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाबद्दल.

रोम, अथेन्स, बार्सिलोना सोडून हेच का? आपण शहर निवडताना आधी तिथे बघण्यासारखं काय आहे याची यादी काढतो. मुलं बरोबर असतील तर मी आधी वेगळा प्रश्न विचारते. संध्याकाळी सहानंतर तिथली मुलं कुठे असतात? ज्या गावाने आपल्या पोरांसाठी ऐसपैस जागा राखून ठेवली आहे, तिथे पाहुण्यांच्या पोरांचीही आपोआप सोय होते. जिथे स्थानिक मुलंच दिसत नाहीत, तिथे आपली मुलं दुसऱ्या दिवसापासून कंटाळतात आणि आपण त्यांच्यावर चिडतो. व्हॅलेन्सियात या प्रश्नाचं उत्तर आहे: नदीच्या पात्रात.

या पात्राची हकिगत मुलांनाही जरूर सांगा. तुरिया नदी पूर्वी जुन्या शहराला वळसा घालून समुद्राला मिळायची. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तिला महापूर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली, घरं चिखलाने भरली. पुन्हा असं होऊ नये म्हणून सरकारने नदीच वळवली. शहराच्या दक्षिणेला बारा किलोमीटरचं नवं, रुंद पात्र खोदलं. मग शहराच्या मधोमध कोरडं पात्र उरलं, वर जुने दगडी पूल तसेच. तिथून मोठा वेगवान रस्ता न्यायचा बेत होता. लोकांनी तो होऊ दिला नाही. ‘तुरियाचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवं’ अशी घोषणा घेऊन ते रस्त्यावर आले. 1976 मध्ये ती जमीन शहराच्या ताब्यात आली आणि 1986 पासून टप्प्याटप्प्याने बाग खुली होत गेली. आज ती साधारण नऊ किलोमीटर लांब आहे. गाड्या वरून, पुलांवरून जातात. खाली सायकली, फुटबॉल, संत्र्याची झाडं, झोके, वाढदिवसाच्या पार्ट्या. लेकराचा हात सोडून आई-बाप निवांत बसू शकतात. युरोपातल्या मोठ्या शहराच्या मध्यभागी हे सुख सहज मिळत नाही, आणि ते त्या लोकांनी भांडून मिळवलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता या पात्रात उतरून पूर्वेकडे चालत गेलात की गलिव्हर लागतो, मुलांनी चढून खेळायचा एक अवाढव्य पुतळा. सत्तर मीटर लांबीचा माणूस, पाठीवर आडवा पडलेला, दोरखंडांनी जमिनीला जखडलेला. गलिव्हरच्या सफरींच्या गोष्टीत लिलिपुटच्या बोटभर माणसांनी त्याला बांधलं होतं. इथे ती बोटभर माणसं म्हणजे आपली मुलं. कोटाच्या घड्या म्हणजे घसरगुंड्या. केसांच्या बटांवरून घसरता येतं, बाहीवर चढता येतं, बोटांमधून खाली येता येतं. जमिनीवरून तो पूर्ण आकार कळतच नाही, नुसत्या टेकड्या आणि उतार दिसतात. एखादं पोर छातीवर चढून उभं राहतं आणि मग त्याच्या ध्यानात येतं की समोर दिसतंय ते नाक आहे. हा क्षण बघायला मिळावा म्हणून मी आधी फोटो दाखवत नाही. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. उन्हात पृष्ठभाग तापतो, तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. जाड कापडाची पूर्ण पँट घाला, नाहीतर घसरताना मांड्या सोलवटतात. आणि उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्या.

याच पात्रात पुढे वास्तुशिल्पी सान्तियागो कालात्राव्हाच्या त्या पांढऱ्या, हाडांच्या सापळ्यासारख्या इमारती आहेत, कला आणि विज्ञान नगरी. तिथलं मत्स्यालय, ओशनोग्राफिक, 2003 मध्ये सुरू झालं. युरोपातलं सगळ्यात मोठं. तिथे बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे आहेत. युद्धामुळे युक्रेनमधल्या खार्किव्हहून 2024 मध्ये दोन बेलुगा इथे हलवले गेले. बंदिस्त प्राण्यांबद्दल तुमच्या घरात जे काही मत असेल, त्यावर मुलांशी जाण्याआधी बोला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला यातलं बरंच समजतं. शेजारच्या विज्ञान संग्रहालयात ‘हात न लावण्यास मनाई’ असं ब्रीद आहे आणि ते खरोखर पाळतात. दोन्ही गोष्टी एका दिवसात कोंबू नका. एका दिवसाला एकच तिकीट, हा माझा नियम. तिकीट काढलं की पैसे वसूल करायची घाई लागते, आणि ती घाई मुलांच्या अंगावर निघते.

खरी कसरत आहे ती घड्याळाची. उन्हाळ्यात व्हॅलेन्सिया आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे आठला उठणारं पोर तिथे पहाटे साडेचारला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी सहाला पेंगायला लागतं. त्यात स्पेनचा दिवस उशिरा सुरू होऊन उशिरा संपतो. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊनंतर. चार ते आठ बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद. मे महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि दहाला चौकात तान्ही बाळंसुद्धा बाबागाडीत जागी असतात. या वेळापत्रकाशी भांडाल तर रोज सात वाजता भुकेली, रडवेली मुलं घेऊन बंद दारांसमोर उभे राहाल.

म्हणून पहिले दोन दिवस पहाटेचं जागणं कामी लावा. मध्यवर्ती बाजार, म्हणजे मेर्कात सेन्त्राल, साडेसातला उघडतो. 1928 ची इमारत, लोखंड, काच आणि रंगीत फरशा, घुमटावर वारा दाखवणारा पोपट. मुलांना आधी पोपट शोधायला लावा. आत गोगलगाई जाळीच्या पिशव्यांत, टांगलेल्या डुकराच्या तंगड्या, बर्फावरचे मासे. शाकाहारी घरातल्या मुलांना त्याची आधी कल्पना द्या, मग ती बिचकत नाहीत. फळांच्या गाळ्यांवर संत्री, जर्दाळू, चेरी. तिथेच नाश्ता उरकतो. रविवारी बाजार बंद आणि इतर दिवशीही दुपारी तीनला आवरतात, हे लक्षात ठेवा.

दहा ते एक काय पाहायचं ते पाहा. दीड-दोनला पोटभर जेवा, हेच दिवसाचं मुख्य जेवण. मग घरी येऊन पडदे ओढून झोपा. मोठ्यांनीही. पाचनंतर ओर्चाता. एक कंद असतो, चुफा नावाचा, बोराएवढा, सुरकुतलेला. तो भिजवून, वाटून, गाळून त्यात साखर घालतात आणि थंडगार देतात. दुधासारखा दिसतो, पण दुधाचा थेंब नसतो. त्यात बुडवायला फार्तोन नावाचे लांब, गोड, मऊ पाव. संध्याकाळचं हे खाणं तिथल्या प्रत्येक मुलाच्या दिवसात असतं. ते झालं की नदीच्या पात्रात उतरायचं ते उजेड असेपर्यंत. रात्री घरी दही-भात, सूप, ऑम्लेट, जे जमेल ते. म्हणूनच मी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायला सांगते. पाच दिवस बाहेरचं जेवण मुलांना नको होतं, आणि एक छोटा कुकरभर खिचडी सगळ्यांचं डोकं ठिकाणावर आणते.

पाएयाबद्दल, म्हणजे पसरट परातीत शिजवलेल्या तिथल्या भाताबद्दल, थोडं. ही मूळ व्हॅलेन्सियाची, शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं सरोवर आहे त्याच्या काठच्या भातशेतीतली. अस्सल पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि मोठे पांढरे वाल असतात. मासळीची पाएया वेगळी. ती दुपारीच खातात, बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांची करतात, आणि भात ताजा शिजतो म्हणून वेळ लागतो. तिखट अजिबात नसते, त्यामुळे मुलं आवडीने खातात. परातीच्या तळाला जी खरपूस खरवड धरते, तिच्यावरून तिथेही घराघरांत भांडणं होतात. शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘भाज्यांची पाएया’ म्हणून थांबू नये. रस्सा कोंबडीचा आहे की भाज्यांचा, ते विचारा. सॅलडमध्ये न सांगता टूना येतो, भाजीत हॅमचे तुकडे येतात. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. मासे नकोत, हॅम नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि वेटरला दाखवा. हसून करतात सगळं.

शक्य असेल तर मुक्कामात गुरुवार येईल असं बघा. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर जलन्यायालय भरतं. आठ कालव्यांचे आठ शेतकरी, काळे डगले घालून, कठड्यामागे गोल बसतात. पितळी आकडीची काठी घेतलेला माणूस एकेका कालव्याचं नाव पुकारतो आणि तक्रार असलेल्यांना पुढे बोलावतो. कोणी पाणी चोरलं, कोणी पाट तुंबवला, एवढेच खटले. सगळं तोंडी, वकील नाही, निकाल तिथल्या तिथे. शतकानुशतकं चालत आलेली ही प्रथा 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. बऱ्याचदा तक्रारच नसते आणि पाच मिनिटांत आटोपतं; मुलांच्या दृष्टीने हे उत्तमच. ज्यांचं मूळ गाव धुळे-नाशिककडचं आहे, त्यांनी इथे पांझरा, मोसमच्या काठची फड पद्धत जरूर सांगावी. बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटायचं, पाटकऱ्याने पाळी सांभाळायची, ही आपल्या आजोबा-पणजोबांची रीत. माझ्या मुलाने ते ऐकून विचारलं होतं की मग आपल्याकडे असे काळे डगले घालून कोण बसतं. त्या प्रश्नावर आम्ही जेवण होईपर्यंत बोलत होतो.

समुद्र आहेच. मालवारोसाचा किनारा लांब, रुंद वाळूचा आणि ट्रामने जाता येतं. मेमध्ये पाणी गार असतं; लहान मुलं गुडघाभरच जातात आणि त्यांना तेवढं पुरतं. कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्याच्या 207 पायऱ्या आठ वर्षांच्या पुढचीच मुलं आनंदाने चढतात. जुनी रेशीमपेठ, ला लोन्हा, तुम्हाला स्वतःला आवडत असेल तर अर्धा तास द्या.

कधी जायचं, याला आपल्या शाळांमुळे फार पर्याय नाहीत. मार्चमध्ये तिथे फायास उत्सव असतो, 1 ते 19 मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात कानठळ्या बसवणारी आतषबाजी. एक तर आपल्या परीक्षा, दुसरं म्हणजे लहान मुलं घाबरतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि गर्दी. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते, पण त्याच दिवसांत तिकडे अतिवृष्टी होऊ शकते. 29 ऑक्टोबर 2024 च्या पुरात शहराच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये हाहाकार झाला, दोनशेहून अधिक माणसं गेली. मध्य शहर वाचलं ते वळवलेल्या नदीमुळे. शरद ऋतूत जाणार असाल तर हवामानखात्याचे इशारे रोज बघा आणि ते मनावर घ्या. माझ्या मते मे सगळ्यात उत्तम.

मे साधायचा तर शाळेचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. स्पेनला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा, त्यावर आई आणि वडील दोघांच्याही सह्या. सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, बाराखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सगळ्यांना लागतो. भारतातून थेट विमान नाही. माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत पोचता येतं. तुमच्यापैकी जे जर्मनी, नेदरलँड्सकडे नोकरीला आहेत, त्यांना तर एका लांब सुट्टीत जमेल. पण ‘एवढं गेलोच आहोत तर’ म्हणून बार्सिलोना, माद्रिद, ग्रनाडा जोडू नका. दर दोन दिवसांनी बॅगा भरण्यात मुलांचा जीव जातो. एकाच घरात पाच रात्री राहिलं की तिसऱ्या दिवशी मूल कोपऱ्यावरच्या बेकरीकडे आपणहून वळतं.

घर जुन्या शहराच्या कडेला, पात्राला लागून घ्या. जुन्या शहरातली एल कार्मेन ही वस्ती देखणी आहे, पण रात्री उशिरापर्यंत तिथे गजबज असते. जागा पक्की करण्याआधी मोठ्या मुलाला नकाशा उघडून द्या आणि तिथून पात्रात उतरायचा जवळचा जिना त्यालाच शोधू द्या. चालत दहा मिनिटांच्या वर निघाला, तर दुसरं घर बघा.