निळी पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

१९ सप्टेंबर १९४५. जावा बेटावरचं सुराबाया बंदर. तिथल्या यामातो हॉटेलवर डच माणसांनी आपला झेंडा चढवला होता. लाल, पांढरा, निळा. खाली रस्त्यावर गर्दी जमली, बाचाबाची झाली, हाणामारी झाली. काही तरुण पोरं छपरावर चढली. त्यांनी खालची निळी पट्टी फाडून काढली आणि उरलेला लाल-पांढरा झेंडा पुन्हा काठीला लावला. इंडोनेशियाचा झेंडा असाच होता, लाल आणि पांढरा.

महिनाभर आधी, १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नोंनी जकार्तातल्या आपल्या घरासमोर स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. रमजानचा महिना, शुक्रवारची सकाळ. जाहीरनामा अवघ्या दोन वाक्यांचा. तिथं फडकलेला झेंडा सुकार्नोंच्या पत्नी फातमावती यांनी घरीच शिवलेला होता. जपानने नुकतीच शरणागती पत्करली होती आणि १९४२ मध्ये जपान्यांनी हुसकलेले डच अजून परतायचे होते. पण लवंग-जायफळाच्या मागे येऊन तीन शतकांहून अधिक काळ बसलेली ही माणसं एका जाहीरनाम्याने थोडीच जाणार होती!

आता जे सांगणार आहे ते आपल्या घरचं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. डचांच्या आधी तिथं पोचले इंग्रज. जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची, युद्धकैदी सोडवायचे, हे त्यांचं काम. पण २५ ऑक्टोबरला सुराबायाच्या धक्क्यावर उतरलेली ४९वी ब्रिगेड हिंदुस्थानी होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. शिवाजी महाराजांच्या नावाने जयजयकार करत लढणारी आपली माणसं. समोर कोण, तर परक्याचं राज्य नको म्हणणारी पोरं. तीन दिवसांत शहर पेटलं. ठिकठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांना हजारोंच्या जमावाने वेढलं, आपले कितीतरी जवान मारले गेले. ३० तारखेला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांचाही बळी गेला. हुकमाचे ताबेदार म्हणून गेलेल्या त्या जवानांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. काही हिंदुस्थानी शिपाई पुढे इंडोनेशियाच्या बाजूला जाऊन मिळाले. पण जे तिथंच मातीला मिळाले, त्यांच्या घरी आपला माणूस कशासाठी गेला हे कुणी नीट सांगितलं असेल का?

१० नोव्हेंबरला इंग्रजांनी जमिनीवरून, समुद्रातून आणि विमानांतून शहरावर मारा सुरू केला. सुराबाया जवळपास तीन आठवडे झुंजलं. त्या दिवसांत बुंग तोमो नावाचा पंचविशीतला तरुण रेडिओवरून लोकांना हाक देत होता, ‘मेर्देका अताउ माती’, स्वातंत्र्य किंवा मरण. आज माइकसमोर बसून त्याचं नाव घेताना अंगावर काटा येतो. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशिया आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतो.

पुढची चार वर्षं करार व्हायचे आणि डच ते मोडायचे. जुलै १९४७ मध्ये त्यांनी मोठी चढाई केली आणि तिला नाव दिलं ‘पोलिस कारवाई’. १९ डिसेंबर १९४८ ला दुसरी. तेव्हाची राजधानी योग्याकार्ता पडली, राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हत्ता कैद झाले.

सेनापती सुदिरमान मात्र हाती लागले नाहीत. मूळचे शाळामास्तर, वय ३२, क्षयाने पोखरलेले, एकच फुप्फुस धड. चालवत नव्हतं. मग माणसांनी त्यांना खुर्चीच्या डोलीत बसवलं आणि खांद्यावर घेतलं. सह्याद्रीतल्या वाड्यांवरून आजारी माणसाला डोलीतून खाली आणतात ना, अगदी तसं. जावाच्या डोंगरांतून, पावसातून, जवळपास सात महिने ती डोली फिरत राहिली आणि सैन्य गनिमी काव्याने लढत राहिलं. १ मार्च १९४९ ला त्यांच्या माणसांनी योग्याकार्तात घुसून शहर सहा तास ताब्यात ठेवलं. सैन्य संपलं म्हणणाऱ्या डचांना याहून चोख उत्तर कोणतं?

बाहेरूनही दाब वाढत होता. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत खास इंडोनेशियासाठी परिषद बोलावली. त्याआधीच १९४७ मध्ये बिजू पटनायक यांनी स्वतः विमान चालवत इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर यांना डच वेढ्यातून बाहेर आणलं होतं. अमेरिकेनेही डचांची मदत रोखायची भाषा सुरू केली. अखेर २७ डिसेंबर १९४९ ला सत्तांतर झालं. तेही फुकट नाही. डच वसाहत सरकारचं सुमारे ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं गेलं.

महिन्याभराने, २९ जानेवारी १९५० ला, सुदिरमान गेले.

डच सरकार मात्र स्वातंत्र्याची तारीख २७ डिसेंबर १९४९ हीच धरून बसलं, जणू आम्ही दिलं तेव्हा तुम्हाला मिळालं. १७ ऑगस्टच्या सोहळ्याला जकार्तात डच मंत्री पहिल्यांदा हजर राहिला तो २००५ साली. सुदिरमान यांना जाऊन तेव्हा ५५ वर्षं झाली होती.