बेन नेव्हिसवरचे बदली निरीक्षक

ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर म्हणजे स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस. १,३४५ मीटर उंचीच्या या माथ्यावर आज दिसणारे दगडी भिंतींचे अवशेष १८८३ साली सुरू झालेल्या हवामान वेधशाळेचे आहेत. दिवस असो वा रात्र, येथील निरीक्षक दर तासाला वायुभार, तापमान, वारा आणि पाऊस यांची नोंद घेत. हिवाळ्यात बर्फाखाली दारेच गाडली जात, म्हणून बाहेर पडण्यासाठी मनोऱ्यातून वरच्या बाजूला वाट ठेवलेली होती.

नेहमीच्या निरीक्षकांना उन्हाळ्यात रजा घेता यावी, यासाठी त्यांच्या जागी बाहेरून विज्ञानाची आवड असलेली मंडळी येत. सप्टेंबर १८९४ मध्ये असेच एक बदली निरीक्षक दोन आठवड्यांसाठी वर आले. त्यांचे नाव चार्ल्स थॉमसन रीस विल्सन, वय २५. केंब्रिजची पदवी घेतल्यावर त्यांनी ब्रॅडफर्ड येथील शाळेत काही काळ शिक्षकी केली होती. पण त्यांचे मन संशोधनाकडेच ओढ घेत होते.

वर्षातील बहुतेक दिवस हे शिखर धुक्यात बुडालेले असते. मात्र सूर्य पाठीशी आणि ढग पायाखाली असतील, तेव्हा माणसाची सावली समोरच्या ढगावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून आपले गिर्यारोहक ज्याला इंद्रवज्र म्हणतात, तेच हे दृश्य. विल्सन यांना ते पाहून थांबवेना. हाच देखावा प्रयोगशाळेत उभा करायचा, असे त्यांनी ठरवले.

१८९५ च्या आरंभी केंब्रिजमध्ये त्यांनी काचेच्या भांड्यात दमट हवा भरली आणि ती एकदम प्रसरण पावू दिली. प्रसरणाने हवा थंड होते, बाष्प धुळीच्या कणांवर जमते आणि भांड्यात ढग तयार होतो. येथवर नवे काही नव्हते. पुन्हापुन्हा प्रसरण केले की थेंबांबरोबर धूळही तळाशी बसते, आणि मग ढग व्हायला नको. तरीही हवेचे आकारमान सव्वापटीच्या पुढे वाढवले की दर खेपेस मोजके थेंब दिसतच राहिले. धूळ नसताना हे थेंब कशावर जमतात, हा खरा प्रश्न होता, आणि ढगांच्या रंगांपेक्षा तो कितीतरी मोलाचा ठरला. १८९६ मध्ये त्याच भांड्यावर क्ष-किरण सोडताच दाट धुके पसरले. विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, हे थेंबांचे केंद्र असल्याचे त्यातून उघड झाले. पुढे १९११ मध्ये, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या अणुकणांनी मागे सोडलेल्या थेंबांच्या रेषांची छायाचित्रे विल्सन यांनी घेतली. या उपकरणाला क्लाउड चेंबर म्हणतात, आणि या पद्धतीसाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक आर्थर कॉम्प्टन यांच्यासह विभागून मिळाले.

या कथेत सहसा मागे राहून जाणारा एक प्रसंग जून १८९५ चा आहे. बेन नेव्हिसशेजारच्या कार्न मोर डिअर्ग या शिखरावर विल्सन उभे असताना वादळी ढग जवळ आला आणि त्यांच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. वीज पडण्याआधी ते उतारावरून धावत खाली आले; परंतु गडगडाटी ढगांत विद्युतभार कसा साठतो, हा विषय त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. त्याच विषयावरचा त्यांचा शोधनिबंध १९५६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी प्रसिद्ध झाला.