ओकीचोबीचे पाणी आणि गव्हर्नरपदाची निवडणूक

(दृश्य : सॅनिबेल बेटाचा किनारा)

हा फ्लॉरिडाचा नैऋत्य किनारा आहे आणि वर्ष आहे २०१८. सुट्टीच्या दिवसांत जिथे पर्यटकांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्याच वाळूवरून मेलेल्या माशांचे ढीग लोडरने उचलले जात आहेत. याच बेटावर जुलैमध्ये २६ फूट लांबीचा व्हेल शार्क मृतावस्थेत वाहून आला होता. कारेनिया ब्रेविस या सूक्ष्म शैवालामुळे समुद्रात उद्भवणारी, मासे मारणारी ‘रेड टाइड’ आदल्या वर्षीच्या शरद ऋतूपासून इथे ठाण मांडून होती. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रिक स्कॉट यांनी आणीबाणी जाहीर केली. अमेरिकेत गव्हर्नर हा राज्याचा लोकनियुक्त कार्यकारी प्रमुख असतो आणि त्या पदाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होणार होती.

(दृश्य : केप कोरल, घरांमागील कालवे)

हे संकट मात्र वेगळे आहे. या गोड्या पाण्यावर निळ्या-हिरव्या शैवालाची जाड साय धरली आहे. होडीचे टोक ती चिरत पुढे जाते आणि मागे ती पुन्हा मिटते. हे शैवाल जिथून येते, तिथे आता जायला हवे.

(दृश्य : आकाशातून ओकीचोबी सरोवर, बांध, दरवाजे)

सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचे हे सरोवर पूर्वी पावसाळ्यात दक्षिणेकडे ओसंडत असे आणि ते पाणी संथपणे एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरत असे. १९२८च्या चक्रीवादळात सरोवराचे पाणी काठ ओलांडून आले, किमान अडीच हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर भोवती हर्बर्ट हूव्हर बांध उभा राहिला. दक्षिणेची दलदल कोरडी करून तिथे सुमारे सात लाख एकरांचे शेतीक्षेत्र तयार झाले. आज त्याच्या बहुतांश भागात ऊस आहे. उत्तरेकडे किसिमी नदीची वळणे १९६०च्या दशकात काढून टाकली गेली आणि तिचा सरळ कालवा झाला. त्यामुळे कुरणे आणि वसाहतींमधला फॉस्फरस वाटेत न गाळला जाता थेट सरोवरात येऊ लागला आणि शैवालाला खतासारखा पोषक ठरला. पाण्याची पातळी वाढून बांधावर ताण आला, की लष्कराचा अभियंता विभाग दरवाजे उघडतो. मग हे पाणी पश्चिमेला कॅलूसाहॅची आणि पूर्वेला सेंट लूसी नदीमार्गे समुद्राकडे जाते. सॅनिबेल बेट कॅलूसाहॅचीच्या मुखाशीच आहे.

(दृश्य : पेटवलेला उसाचा फड, धूर)

साखर आणि सत्ता यांचे नाते मराठी प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रिपब्लिकन उमेदवारीसाठी राज्याचे कृषी आयुक्त ॲडम पटनम उभे होते आणि साखर उद्योगाचा पैसा त्यांच्या पाठीशी होता. अमेरिकी संसदेचे सदस्य रॉन डिसँटिस यांनी पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत नेमके यावरच बोट ठेवले आणि २८ ऑगस्टला ते जिंकले. सरोवराच्या दक्षिणेला जादा पाणी साठवणारा जलाशय लवकर बांधू, सरोवरातून नद्यांत पाणी सोडणे थांबवू आणि फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी घालू, अशी त्यांची आश्वासने होती; हवामानबदलाविषयी बोलणे मात्र त्यांनी टाळले.

डेमोक्रॅटिक उमेदवार अँड्र्यू गिलम हे राज्याची राजधानी टॅलाहासीचे महापौर होते आणि त्यांच्या कार्यकाळात शहराच्या विमानतळावर सौरऊर्जा प्रकल्प उभा राहिला होता. त्यांचाही फ्रॅकिंगला विरोध होता, परंतु त्यांनी हवामानबदल आणि स्वच्छ ऊर्जा हे विषय उघडपणे प्रचारात आणले. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या या राज्यात हे बोलले जाणे अत्यावश्यक होते, असे आम्हाला वाटते. जलाशय हवाच, पण दक्षिणेला कितीही पाणी साठवले तरी उत्तरेकडून येणारा फॉस्फरस कमी होत नाही, आणि या मुद्द्याला प्रचारात फार थोडी जागा मिळाली.

(दृश्य : मतमोजणी, जलाशयाचे काम)

फेरमोजणीनंतर डिसँटिस सुमारे ३२ हजार मतांनी विजयी झाले. पदग्रहणानंतर दोनच दिवसांत त्यांनी एव्हरग्लेड्स आणि जलसंवर्धनासाठी चार वर्षांत अडीच अब्ज डॉलरचा आदेश काढला, तसेच दक्षिण फ्लॉरिडा जलव्यवस्थापन मंडळाच्या सर्व सदस्यांचे राजीनामे मागितले. जलाशयाच्या बांधकामाचा शुभारंभ २०२३ मध्ये झाला. फ्रॅकिंगबंदीचा कायदा त्यांच्या पहिल्या कार्यकाळात झाला नाही, आणि २०२४ मध्ये त्यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने राज्याच्या ऊर्जाधोरणातून हवामानबदलाचे बहुतेक उल्लेख वगळले गेले.